जपानच्या नदीदऱ्यांतील लाल पाने



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून पानगळीविषयी बोलणे हे कोणाला थोडे अवेळी वाटेल. परंतु विषय आम्हीच निवडला आहे, आणि त्याला कारण आहे. याच दिवसांत आपल्या सह्याद्रीत कोशिंबाला नवी पालवी फुटते. ती हिरवी नसते, लालभडक असते. घाटातून जाताना लांबून पाहावे तर एखादे झाड पेटले आहे की काय असा भास होतो. पुढे काही आठवड्यांत ती लाली ओसरते आणि झाड इतर झाडांसारखे हिरवे होऊन जाते. आपल्याकडचे हे पान जन्मताना लाल असते, तर जपानातील मेपलचे पान निरोप घेताना लाल होते. दोघांना लाली देणारी रंगद्रव्ये एकाच कुळातली आहेत. शास्त्रज्ञ त्यांना अँथोसायनिन म्हणतात. तेव्हा कोशिंब पाहिलेल्या माणसाला जपानचा शरद अगदीच परका नाही.

गेल्या काही वर्षांत आम्हांला ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत जपानच्या नदीदऱ्यांतून पाठीवर पिशवी आणि गळ्यात कॅमेरा घेऊन पायी हिंडण्याचा योग आला. त्या भटकंतीतून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवायचे आहे. प्रवासवर्णन करण्याचा आमचा हेतू नाही. पानाचा फोटो चांगला कधी येतो, या अगदी साध्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही जेथे येऊन पोहोचलो, ते सांगावे एवढाच उद्देश आहे.

'पानगळ' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शिशिरातला सागाचा माळ येतो. करकरणारी तपकिरी पाने, धूळ आणि उघडी पडलेली झाडे. जपानी माणसाच्या मनात हे चित्र उमटत नाही. तेथे पान गळण्याआधी रंगते, आणि त्या रंगण्याला स्वतंत्र नाव आहे: कोयो. तीच चित्रलिपीतली अक्षरे 'मोमिजी' अशीही वाचतात, आणि मोमिजी म्हणजे मेपलचे झाडसुद्धा. रंगलेली पाने पाहायला डोंगरात जाण्याला ते 'मोमिजीगारी' म्हणतात. यातला 'गारी' हा शब्द शिकारीचा आहे. पानांची शिकार! ज्या शिकारीत काही मारायचे नसते, केवळ शोधत जायचे असते, अशी ही शिकार आहे. आपण तिला सहल म्हणू.

ही सहल जुनी आहे याला एक देखणा पुरावा आहे. तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात कानो हिदेयोरी या सोळाव्या शतकातील चित्रकाराचा एक घडीचा चित्रपडदा आहे. तो जपानची राष्ट्रीय ठेव म्हणून गणला जातो. क्योतो शहराच्या वायव्येस ताकाओ नावाचा डोंगराळ भाग आहे आणि त्याच्या पायथ्याशी कियोताकी नदी वाहते. त्या नदीच्या काठी, मेपलच्या झाडांखाली बसलेली माणसे या पडद्यावर रंगविली आहेत. बायका आहेत, पुरुष आहेत, खाणेपिणे चालले आहे, नाच चालला आहे. चित्रकाराने नुसते झाड काढले नाही. नदी काढली, पूल काढला, वर जिंगो-जी मंदिर काढले आणि माणसे काढली. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे आम्ही तिच्याकडे पुन्हा येणार आहोत.

आता पान लाल का होते, हे थोडक्यात पाहू. त्यावाचून फोटोचे गणित उलगडणार नाही. पानात हरितद्रव्य असते तोवर ते हिरवे दिसते. थंडी पडू लागली की झाड आपले हरितद्रव्य मोडून त्यातला उपयोगी अंश परत घेऊ लागते. हिरवा पडदा दूर झाला की पानात मुळापासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. बुना, कात्सुरा, लार्च ही झाडे पिवळी होतात ती अशी. लाल रंगाची गोष्ट निराळी. तो आधीपासून दडून बसलेला नसतो, नव्याने तयार होतो. पान आणि फांदी यांच्या सांध्याशी आडपडदा तयार होऊ लागला की पानात झालेली साखर पानातच अडकते, आणि स्वच्छ ऊन मिळाले तर त्या साखरेच्या बळावर लाल द्रव्य बनते. तेव्हा लाल पानाला तीन गोष्टी लागतात: दिवसा ऊन, रात्री गारठा आणि वाळून न जाण्याइतका हवेत ओलावा. रात्रीचे तापमान आठ अंशांच्या खाली उतरू लागले की रंग धरू लागतो, असा तेथील जाणत्यांचा ठोकताळा आहे.

या तिन्ही गोष्टी एकत्र कोठे मिळतात? नदीच्या दरीत. रात्री डोंगरउतारावरची थंड हवा जड होऊन खाली दरीत उतरते. पाण्याच्या तुषारांनी हवा ओली राहते, म्हणून पानांच्या कडा करपत नाहीत. दिवसा उतारावर ऊन येते. शहरातल्या रस्त्याकडेच्या झाडापेक्षा दरीतले झाड अधिक तेजस्वी दिसते ते यामुळे. जपानी लोक पानांसाठी नदीकाठ धरतात ती केवळ हौस नव्हे. त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण आहे.

दरीचे आणखी एक वैशिष्ट्य सांगायला हवे. शंभर मीटर वर चढले की तापमान साधारण अर्ध्या अंशाहून थोडे अधिक उतरते. म्हणून रंग प्रथम शिखराकडे दिसतो आणि दिवसेंदिवस खाली उतरत येतो. उत्तरेकडून दक्षिणेकडेही तो असाच सरकतो. होक्काइदोच्या उंच डोंगरांवर सप्टेंबरच्या मध्यास पाने रंगतात, आणि क्योतोच्या सखल बागांत नोव्हेंबर संपून डिसेंबर उजाडतो. म्हणजे अडीच महिने हा रंग देशभर चालत असतो. कधी कधी एकाच दरीत शिखरावर पांढरे बर्फ, मध्यावर लाल-पिवळी पाने आणि पायथ्याशी अजून हिरवे रान असा देखावा दिसतो. त्याला 'तीन पायऱ्यांचा मोमिजी' म्हणतात. दरीचा उतार हा एक उभा टांगलेला पंचांगाचा कागद आहे. कोणत्या उंचीवर कोणती तिथी चालू आहे ते वाचता आले पाहिजे, इतकेच.

आता कॅमेऱ्याकडे वळू. होन्शू बेटाच्या उत्तर टोकाला आओमोरी प्रांतात तोवादा नावाचे सरोवर आहे. त्यातून नेनोकुची या ठिकाणी ओइरासे नावाचा ओढा निघतो आणि याकेयामापर्यंत सुमारे चौदा किलोमीटर घनदाट रानातून वाहतो. ओमाची केइगेत्सु (१८६९ ते १९२५) या लेखकाच्या लेखणीने हा ओढा जपानभर प्रसिद्ध झाला. त्याची खुबी अशी की सरोवर पाठीशी असल्यामुळे त्याला एकाएकी पूर येत नाही. नेनोकुचीला पाणी सोडण्याचे दारही आहे. पाणी फारसे वरखाली होत नाही, म्हणून प्रवाहाच्या मध्यावर असलेल्या खडकांवर शेवाळ वाढते, शेवाळावर झुडपे, आणि झुडपांच्या शेजारी चक्क झाडे उभी राहतात. पायवाट जवळजवळ पाण्याच्या पातळीवरून जाते. माणसाने खालून वर, प्रवाहाच्या उलट चालावे, म्हणजे प्रत्येक धबधबा समोरून भेटतो.

या ओढ्याच्या एका खळाळत्या टप्प्याला 'आशुरा-नो-नागारे' म्हणतात. नाव ऐकून कान टवकारले ना? हा आशुरा म्हणजे आपलाच असुर. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे तो जपानला गेला आणि तेथल्या एका ओढ्याच्या खवळलेल्या पाण्यात वस्तीला राहिला. शरदात पहाटेपासून या जागी तिपायांची रांग लागते. सर्वांचे कॅमेरे एकाच दिशेला, एकाच उंचीवर, एकाच खडकावर रोखलेले असतात.

तेथे उभे राहून जे धडे मिळतात ते असे. पहिला धडा असा की भर उन्हात नदीकाठचा फोटो चांगला येत नाही. पाणी पांढरे फटफटीत होते आणि सावल्या काळ्याकुट्ट. ढगाळ दिवस, रिमझिम पाऊस, ही खरी वेळ. सामान्य प्रवासी आकाशाकडे पाहून हळहळतो, तेव्हा फोटोवाला मनातून खूष असतो. दुसरा धडा ओल्या पानाविषयी. ओले पान आरशासारखे आकाश परतवते, त्यामुळे त्याचा रंग पांढुरका दिसतो. भिंगापुढे पोलरायझर नावाची काच लावून ती हळूहळू फिरवली की ती चमक निघून जाते आणि पानाचा स्वतःचा रंग दिसू लागतो. तिसरा धडा पाण्याचा. शटर अर्धा सेकंद उघडे ठेवले तर धावते पाणी रेशमाच्या लडीसारखे दिसते, आणि खळग्यात भोवऱ्यासारखी फिरणारी गळालेली पाने वर्तुळे काढतात. मात्र वारा असेल तर फांदीवरची पानेही पुसट होतात. म्हणून दोन झुळुकांमधल्या स्तब्धतेची वाट पाहावी लागते. चौथा धडा असा की फोटोत आकाश घेऊच नये. दरीतले आकाश म्हणजे दोन डोंगरांमधली एक पांढरी चिंधी. ती चौकटीत शिरली की नजर प्रथम तिच्याकडे धावते.

पाचवा धडा उन्हाचा. ऊन असलेच तर पानाच्या पुढून न पाहता मागून पाहावे. दरीत सूर्य उशिरा पोहोचतो. समोरचा कडा अजून सावलीत असतो आणि अलीकडच्या फांदीत मागून ऊन शिरते, तेव्हा प्रत्येक पान कंदिलाच्या कागदासारखे आतून उजळते, शिरा न् शिरा मोजता येते. मेपलच्या एका जातीला इरोहा-मोमिजी म्हणतात. तिच्या पानाचे कंगोरे जपानी मुले जुन्या वर्णमालेची अक्षरे म्हणत मोजत असत. सात अक्षरांत पान संपते. मागून आलेल्या उन्हात ते सातही कंगोरे स्वच्छ दिसतात.

हे सारे धडे तंत्राचे झाले. ते कोणालाही आठ दिवसांत शिकता येतील. पण श्रोतेहो, आमचा खरा प्रश्न पुढे आहे. ओइरासेच्या काठी हिरव्या शेवाळलेल्या खडकावर नेमके मध्यभागी एकच लाल पान पडलेले असते, आणि त्याचा फोटो घ्यायला माणसे दाटी करतात. हे पान वाऱ्याने आणले की माणसाने? पुष्कळदा माणसाने. कोणीतरी फांदीवरून खुडले, खडकावर मांडले, फोटो घेतला आणि पुढे गेला. वस्तुतः ओइरासे हे राष्ट्रीय उद्यानातील विशेष संरक्षित क्षेत्र आहे, आणि अशा क्षेत्रातून गळालेले पान उचलून नेण्यासही कायद्याने मनाई आहे. शेवाळावर पाय देणे तर दूरच. परंतु कायदा बाजूला ठेवून विचार केला तरी मनात एक शंका उरते. ते मांडलेले पान ज्या झाडाचे, ते झाड त्या खडकावर नाही. ज्या दिवशी ते तेथे पडायचे, तो दिवस कदाचित अजून आठवडाभर दूर आहे. मग त्या फोटोत काय उरले? लाल रंग उरला. ठिकाण गेले आणि दिवसही गेला.

हीच गोष्ट रंग गडद करण्याची. १९९० साली फुजी कंपनीने वेल्व्हिया नावाची रंगीत फिल्म बाजारात आणली. तिच्यात रंग असे उमटत की हिरवे अधिक हिरवे आणि लाल अधिक लाल. निसर्गाचे फोटो घेणारे तिच्यावर लुब्ध झाले. आज फिल्मचे दिवस मागे पडले आहेत आणि खिशातल्या फोनवर अंगठा सरकवला की हवे तेवढे कुंकू पानावर चढते. विशेष असे की कॅमेऱ्याला भडक लाल रंग मुळातच नीट पेलत नाही. त्याचे माप लवकर भरते आणि शिरा, डाग, कडा सगळे एका लाल गोळ्यात बुडून जाते. वर आणखी रंग चढवला म्हणजे पानाचे पानपण संपलेच. पानावरचा किडीचा डाग, अर्धी कड हिरवी आणि अर्धी लाल, हे पाहून जाणकार माणूस सांगू शकतो की रंग कितपत भरला आहे आणि किती दिवस उरले आहेत. ती सारी माहिती आपण अंगठ्याच्या एका फटकाऱ्याने पुसून टाकतो.

ठिकाण आणि दिवस यांचे एवढे काय अडले आहे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर देण्यापूर्वी आपल्याला आणखी एका दरीत जायला हवे. ही दरी कुरोबे नदीची. जपानी आल्प्सच्या उत्तर भागात, तोयामा प्रांतात, ही नदी इतक्या अरुंद आणि खोल घळीतून वाहते की शतकापूर्वीपर्यंत तिचा मधला भाग क्वचितच कोणी पाहिला होता. कानमुरी मात्सुजिरो (१८८३ ते १९७०) या गिर्यारोहकाने १९२५ साली 'शिमो-नो-रोका', म्हणजे खालची पडवी, असे नाव असलेला तो भाग पार केला. त्याच्याबरोबर उजी चोजिरो हा डोंगरातला नाणावलेला वाटाड्या होता. कानमुरीने कुरोबेविषयी पुस्तके लिहिली आणि पुष्कळ फोटोही काढले. ते फोटो कृष्णधवल आहेत. लाल रंगाचा त्यांत ठिपकाही नाही.

त्यानंतर दरीत वीजकंपनी आली. पाहणी करण्यासाठी तिने उभ्या कड्यात पायवाट खोदली. ठिकठिकाणी ही वाट हातभर-दीड हात रुंद आहे. एका बाजूला कातळ आणि त्याला अडकवलेली तार, दुसऱ्या बाजूला शेकडो फूट खाली नदी. कुरोबेत जखमी होत नाही, अशी तिकडे म्हण आहे. पडलेला माणूस जखमी होण्यापुरताही उरत नाही, हा तिचा अर्थ. हिमलोटांचे बर्फ घळीत उन्हाळाभर टिकते, म्हणून ही वाट वर्षातून थोडेच आठवडे, शरदात, चालण्याजोगी होते. एखाद्या वर्षी उघडतच नाही. वाटेत मुक्कामाची एक झोपडी आहे. ती दर हिवाळ्यापूर्वी मोडून ठेवतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभी करतात, नाहीतर हिमलोट तिला घेऊन जातील. या वाटेने जायचे तर आधी मार्ग खुला आहे की नाही याची चौकशी करावी. २०२४च्या पहिल्याच दिवशी झालेल्या नोतो भूकंपाने येथील छोट्या रेल्वेच्या पुलाचीही हानी केली होती. आणि फोटो घ्यायचा तर प्रथम थांबावे, पाठ कातळाला टेकावी, मगच डोळा कॅमेऱ्याला लावावा. चालता चालता फोटो ही चैन तेथे परवडत नाही.

दरीच्या माथ्यावर १९६३ साली पूर्ण झालेले कुरोबे धरण आहे. त्याची उंची १८६ मीटर. ते बांधताना १७१ माणसे मृत्यू पावली. त्यांची नावे धरणाजवळच्या स्मारकावर कोरली आहेत. शरदात तेथे हजारो प्रवासी येतात, धरणाच्या पाठीमागे चढत गेलेले लाल-पिवळे डोंगर पाहतात, आणि फोटो घेताना बहुतेक जण काँक्रीट चौकटीबाहेर ठेवण्याची खटपट करतात. ही खटपट स्वाभाविक आहे. परंतु ज्या पायवाटेवर उभे राहून आपण घळीतला मोमिजी पाहतो ती वाट त्याच विजेच्या उद्योगातून निघाली, हे विसरून चालत नाही. कानमुरीचे फोटो आज मोलाचे वाटतात ते कशामुळे? धरणापूर्वीची दरी कशी होती, हे त्यांत दिसते म्हणून. नदी तेव्हा जशी होती तशी त्यात आहे. त्यात ठिकाण आहे, साल आहे. रंग नाही, तरी ती साक्ष आहे.

आता दिवसाच्या प्रश्नाचे उत्तर देतो. जपानच्या हवामान खात्याने १९५३ सालापासून देशभर ऋतूंच्या खुणांची नोंद ठेवायला आरंभ केला. चेरी कधी फुलली, पहिले फुलपाखरू कधी दिसले, मेपल कधी लाल झाला, अशा नोंदी. वेधशाळेजवळचे एक ठरलेले झाड असते. त्याच्यावर हिरवे जवळजवळ दिसेनासे झाले की तो लाल होण्याचा दिवस. या नोंदींवरून असे दिसते की मेपल लाल होण्याचा दिवस दर दहा वर्षांस सुमारे तीन दिवस या गतीने पुढे सरकत आला आहे. सत्तर वर्षांत तीन आठवडे! एका माणसाच्या हयातीत ऋतू तीन आठवडे मागे रेंगाळला. २०२३, २०२४ आणि २०२५ हे तीन उन्हाळे लागोपाठ अतितप्त गेले. त्यांतला २०२५ चा तर १८९८ पासूनच्या नोंदीत सर्वांत उष्ण ठरला. रात्री गार पडायला उशीर झाला की लाल द्रव्य बनायलाही उशीर होतो. कधी कधी रंग भरण्याआधीच पान करपते.

आणि नेमक्या याच काळात नोंद मात्र आखडली. २०२१ सालापासून हवामान खात्याने प्राण्यांच्या सर्व नोंदी बंद केल्या आणि वनस्पतींच्या फक्त सहा जाती ठेवल्या. सुदैवाने मेपल आणि गिंको त्यांत राहिले. पण ही ठरलेली झाडे वेधशाळांजवळची, म्हणजे बहुतेक शहरांतली. ओइरासेच्या काठचा मेपल, कुरोबेच्या कड्यावरचे रानटी झाड, यांची पाने कोणत्या दिवशी रंगली, हे त्या वहीत येत नाही.

मग ते कोठे येते? तेथे चालत जाणाऱ्या माणसाच्या फोटोत येते. क्योतोच्या दरबारी आणि मठवासी मंडळींनी शतकानुशतके आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले की अमुक दिवशी चेरी पाहायला गेलो, बहर पूर्ण होता. त्यांना हवामानाशी काही कर्तव्य नव्हते. मौज केली, ती टिपून ठेवली. यासुयुकी आओनो या शास्त्रज्ञाने त्या रोजनिश्या चाळून नवव्या शतकापासूनच्या बहराच्या तारखा जुळविल्या, आणि बाराशे वर्षांत तेथील वसंत कसा बदलला हे जगाला दिसले. त्या कवडीमोलाच्या वाटणाऱ्या ओळींना किंमत आली ती दोन गोष्टींमुळे. त्यांत तारीख होती, आणि त्या खऱ्या होत्या.

म्हणून आम्ही अलीकडे एक नेम धरला आहे. दर शरदात ठराविक दोन-चार जागी, ठराविक खडकाजवळ उभे राहून एक फोटो घ्यायचा. त्यात पान असेल, पाणी असेल, मागचा उतार असेल. पूल असेल तर पूल, माणूस असेल तर माणूस. रंगात ढवळाढवळ करायची नाही. मागे तारीख, ठिकाण आणि उंची लिहायची. अशा फोटोला प्रदर्शनात कोणी बक्षीस देणार नाही, हे ठाऊक आहे. पण कानो हिदेयोरीने चारशेहून अधिक वर्षांपूर्वी हेच केले होते. त्याने पानाबरोबर नदी, पूल आणि माणसे ठेवली, म्हणून कियोताकीच्या काठचा शरद कसा साजरा होत असे ते आज आपल्याला दिसते. लाल पानाचा नुसता तुकडा त्याने रंगविला असता तर ते पान कोणत्याही गावचे झाले असते.

जाताजाता एक व्यवहाराची सूचना. तिकडच्या रानात चालताना पिशवीला घंटा बांधावी. २०२३च्या एप्रिलपासून पुढच्या वर्षभरात अस्वलांच्या हल्ल्यांत तेथे दोनशेहून अधिक माणसे सापडली आणि सहा दगावली. २०२५ मध्ये मृतांचा आकडा त्याच्या दुपटीपलीकडे गेला. ज्या वर्षी बुना झाडाला फळ धरत नाही त्या वर्षी अस्वले खाली गावांकडे उतरतात. ज्या बुनाची पिवळी पाने आपण हौसेने टिपतो, त्याच्याच फळावर कोणाचे तरी पोट अवलंबून आहे. दरीत कोणतीही गोष्ट सुटी नसते.

श्रोतेहो, पानाचा रंग हा एकट्या पानाचा नसतो. तो त्या उंचीचा, त्या नदीचा आणि त्या दिवसाचा असतो. जो फोटो या तिघांना सांभाळून ठेवतो तो चांगला, मग तो थोडा फिका का असेना. आपल्यापैकी कोणाला जपानला जाण्याचा योग येईल, कोणाला येणार नाही. पण कोशिंब आपल्या घाटातच आहे. त्याची पालवी यंदा कोणत्या दिवशी लाल झाली, हे कोणी लिहून ठेवले आहे काय? ठेवले नसेल तर पुढच्या फाल्गुनात ठेवावे, एवढी विनंती.